मंजुरीपत्रातला एक ‘किंवा’

गेल्या नोव्हेंबरात शिरोली औद्योगिक वसाहतीतले एक फौंड्रीमालक बँकेचा खातेउतारा घेऊन माझ्या कार्यालयात आले. गेली 11 वर्षे त्यांचे हिशेब आणि लेखापरीक्षण मी पाहतो, त्यामुळे प्रस्तावनेची गरज नव्हती. उतारा टेबलावर ठेवत ते म्हणाले, “साहेब, रेपो टक्काभर उतरला म्हणे, मग आमचं व्याज पावच टक्का कसं काय कमी झालं?” प्रश्न अगदी रास्त होता. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून 2025 या काळात रेपो दर, म्हणजे ती बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, 6.50 टक्क्यांवरून 5.50 टक्क्यांवर आणला होता आणि त्यांचे कर्ज रेपोलाच जोडलेले होते. जानेवारीत ते 9.75 टक्के दराने व्याज भरत होते. हिशेबाने तो दर 8.75 व्हायला हवा होता, पण उताऱ्यावर 9.50 होता.

मधला पाऊण टक्का कुठे गेला, याचे उत्तर 2023 सालच्या मंजुरीपत्राच्या तिसऱ्या पानावर होते. ते पान त्या वेळी मीही वाचले होते आणि त्यांना समजावून न सांगता पुढे गेलो होतो. ही माझी चूक आहे आणि ती मी त्यांच्यासमोर कबूल केली. हा लेख लिहिण्यामागे तेच एक कारण आहे. आपल्याकडचे लघुउद्योजक मंजुरीपत्रातला व्याजदर पाहतात, तारण पाहतात, प्रोसेसिंग फी कमी करून घेण्यासाठी दोन फेऱ्या मारतात, पण तो दर कोणत्या पायरीवर उभा आहे आणि कोणत्या कारणाने खालच्या पायरीवर घसरेल हे सांगणारा तक्ता कुणी वाचत नाही.

तो तक्ता चार ओळींचा होता. पहिली ओळ अशी होती की पतमानांकन (कर्ज फेडण्याच्या क्षमतेला स्वतंत्र संस्थेने दिलेला दर्जा; ट्रिपल ए सर्वांत वर, ‘डी’ सर्वांत खाली) ट्रिपल बी प्लस किंवा त्याहून वर असेल आणि टीओएल भागिले टीएनडब्ल्यू हे गुणोत्तर (त्याचा अर्थ पुढे सांगतो) 2.50 च्या आत असेल, तर रेपोवर 2.75 टक्के. दुसऱ्या ओळीत मानांकन किमान ट्रिपल बी आणि गुणोत्तर 3.00 च्या आत असल्यास 3.25 टक्के. तिसऱ्या ओळीत मानांकन ट्रिपल बी मायनस ‘किंवा’ गुणोत्तर 3.00 च्या वर गेल्यास 4.00 टक्के. चौथ्या ओळीत मानांकन डबल बी प्लस किंवा त्याखाली गेल्यास, अथवा वैध मानांकनच नसल्यास 5.00 टक्के. वरच्या दोन पायऱ्यांवर ‘आणि’ आहे, खालच्या दोन पायऱ्यांवर ‘किंवा’ आहे. वर चढायचे असेल तर दोन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात, खाली यायला मात्र एकच पुरते. मालकांचे म्हणणे होते, “आमचं रेटिंग तर तेच आहे.” ते खरे होते. मानांकन ट्रिपल बीच होते. गुणोत्तर 3.20 झाले होते.

हे गुणोत्तर म्हणजे काय, हे एकदा नीट सांगायला हवे. टीओएल म्हणजे कंपनीची बाहेरची सगळी देणी. त्यात बँकेचे कॅश क्रेडिट, म्हणजे रोजच्या व्यवहारासाठीचे फिरते कर्ज येते, मुदत कर्ज येते, माल पुरवणाऱ्यांची उधारी येते, घरच्यांकडून घेतलेली रक्कम येते, थकलेले कर आणि पगारही येतात. टीएनडब्ल्यू म्हणजे मालकांचे भांडवल आणि व्यवसायात ठेवलेला नफा, त्यातून नावलौकिकासारख्या (गुडविल) हाताला न लागणाऱ्या गोष्टी वजा करून उरलेली रक्कम. मालकाच्या स्वतःच्या 1 रुपयामागे दुसऱ्यांचे किती रुपये धंद्यात गुंतले आहेत, एवढेच हे गुणोत्तर सांगते. आमच्याकडे बँकेतली मंडळी त्याला ‘टोल बाय टीएनडब्ल्यू’ म्हणतात आणि मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांत त्याचा आकडा विचारतात.

31 मार्च 2024 रोजी या फौंड्रीची बाहेरची देणी 31 कोटी होती आणि स्वतःचा निधी, म्हणजे टीएनडब्ल्यू, 12 कोटी होता. गुणोत्तर 2.58 येत होते, म्हणजे दुसरी पायरी. पुढच्या वर्षात दोन गोष्टी घडल्या. नव्या इंडक्शन भट्टीसाठी मुदत कर्ज घेतल्याने मुदत कर्जाची बाकी 5 कोटींवरून 7 कोटींवर गेली. ही गोष्ट बँकेला आधीपासून माहीत होती, कारण कर्ज त्यांनीच दिले होते. दुसरी गोष्ट मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली. भाव वाढणार अशी कुणकुण लागल्यामुळे मालकांनी 27 मार्चला 4 कोटींचे पिग आयर्न (ओतकामासाठीचे कच्चे लोखंड) उधारीवर उचलले. व्यापार म्हणून तो निर्णय चांगला होता, माल पुढच्या तीन महिन्यांत वापरलाही गेला. पण 31 मार्च 2025 च्या ताळेबंदात कॅश क्रेडिट 14 कोटी, मुदत कर्ज 7 कोटी, पुरवठादारांची देणी 14 कोटी, घरच्यांचे 3 कोटी आणि इतर 2 कोटी अशी 40 कोटींची देणी दिसली, तर स्वतःचा निधी जेमतेम साडेबारा कोटींपर्यंत पोहोचला होता. 40 भागिले 12.5 म्हणजे 3.20. तोच माल पाच दिवसांनी, एप्रिलमध्ये उचलला असता तर देणी 36 कोटी दिसली असती आणि गुणोत्तर 2.88 आले असते. दर 3.25 च्याच पायरीवर राहिला असता.

बँकेच्या 21 कोटींच्या कर्जावर पाऊण टक्का म्हणजे वर्षाला 15 लाख 75 हजार रुपये. लवकर खरेदी केल्यामुळे भावात त्यांचे साधारण 6 लाख वाचले होते. हे दोन आकडे एकाच कागदावर, एकाखाली एक लिहिले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण यावरून चुकीचा सल्ला देणारे पुष्कळ असतात. खरेदी एप्रिलमध्ये करणे हा धंद्याचा निर्णय आहे आणि त्यात गैर काही नाही. माल मार्चमध्ये गोदामात उतरवून घेऊन बिल मात्र एप्रिलच्या तारखेचे मागणे, किंवा तो भावाच्या फर्मच्या वहीत ठेवणे, ही लबाडी आहे. स्टॉक स्टेटमेंट आणि जीएसटी विवरणपत्र समोरासमोर ठेवले की ती उघडी पडते, आणि एकदा उघडी पडली की प्रश्न पाऊण टक्क्याचा राहत नाही, लिमिटचाच, म्हणजे कर्जमर्यादेचाच होतो.

आता घरच्यांच्या 3 कोटींकडे वळतो, कारण माझी चूक खरे तर तिथे आहे. ही रक्कम मालकांची आई, स्वतः मालक आणि त्यांचे इचलकरंजीचे काका यांनी गेल्या आठ-नऊ वर्षांत कंपनीत ठेवलेली आहे. त्यावर व्याज जाते, मुद्दल कुणी कधी मागितलेले नाही. ताळेबंदात ती ‘अनसिक्युअर्ड लोन’ म्हणून देण्यांच्या बाजूला दिसते. मंजुरीपत्रातल्या गुणोत्तराच्या व्याख्येत मात्र पुढे एक वाक्य होते. बँकेचे कर्ज फिटेपर्यंत ही रक्कम काढून घेणार नाही, असे हमीपत्र ठेवीदारांनी दिल्यास ती देण्यांतून वगळून स्वनिधीत धरली जाईल, असे त्यात म्हटले होते. बँकेच्या भाषेत ती ‘क्वासी इक्विटी’ होते. हमीपत्र दिलेले असते तर देणी 40 ऐवजी 37 कोटी आणि स्वनिधी 12.5 ऐवजी 15.5 कोटी धरला गेला असता. गुणोत्तर 2.39 आले असते. पिग आयर्नचे बिल 27 मार्चचे असूनही, भट्टीचे कर्ज असूनही, ते 3.00 च्या बरेच खाली राहिले असते. स्टॅम्पपेपरवरची तीन पाने आणि तीन सह्या, एवढेच काम होते. रक्कम एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली की भागाकाराच्या वरचा आकडा घटतो आणि खालचा वाढतो, म्हणून परिणाम दुहेरी होतो.

बँक अशा पायऱ्या का ठेवते, हा प्रश्न मालकांनी विचारला आणि तो विचारायलाच हवा होता. एक कारण सरळ आहे. मानांकन जितके खाली, तितकी कर्ज बुडण्याची शक्यता अधिक, आणि तिची किंमत व्याजात धरावी लागते. दुसरे कारण बँकेच्या स्वतःच्या भांडवलाशी निगडित आहे. रिझर्व्ह बँकेच्या भांडवल पर्याप्ततेच्या नियमांनुसार कंपनीला दिलेल्या कर्जाला मानांकनाप्रमाणे जोखीम-भार लागतो, म्हणजे भांडवलाच्या हिशेबात त्या कर्जाची किती टक्के रक्कम धरायची ते ठरते. ट्रिपल एला 20 टक्के, डबल एला 30, सिंगल एला 50, ट्रिपल बीला 100 आणि डबल बी व त्याखाली 150 टक्के. बँकेला या भारित रकमेवर किमान 9 टक्के आणि वर अडीच टक्क्यांची भांडवल-उशी, असे मिळून साडेअकरा टक्के स्वतःचे भांडवल बाजूला ठेवावे लागते. आमच्या 21 कोटींच्या कर्जाला हे लावून पाहिले. ट्रिपल बी असताना बँकेचे सुमारे 2 कोटी 42 लाख अडकतात. हेच मानांकन डबल बी झाले तर सुमारे 3 कोटी 62 लाख. आणि सिंगल ए असते तर फक्त 1 कोटी 21 लाख. भागधारकांच्या या पैशावर बँकेला कमाई करून दाखवावी लागते, आणि ती कमाई शेवटी आपल्या व्याजदरातून येते.

ट्रिपल बी आणि ट्रिपल बी मायनस यांच्यात मात्र भांडवलाचा काहीच फरक नाही, दोन्हींना 100 टक्केच भार लागतो. तरी आमच्या तक्त्यात त्यांच्यामध्ये पाऊण टक्क्याची पायरी आहे. याचे कारण जागेत आहे. ट्रिपल बी मायनस ही गुंतवणूकयोग्य मानल्या जाणाऱ्या दर्जाची शेवटची पायरी आहे, तिच्याखाली उंबरठा संपतो. तिथे उभ्या असलेल्या कर्जदाराकडे बँक आजच्या भाराने पाहत नाही, उद्याच्या पडझडीचा अंदाज घेऊन पाहते.

मग फक्त मानांकनावर दर का ठरवत नाहीत, गुणोत्तर वेगळे कशासाठी? मानांकन संस्था वर्षातून एकदा तपशीलवार आढावा घेते, तिची समिती बसते, त्यात व्यवस्थापनाचा अनुभव, ग्राहक किती आणि कोण, बाजार कसा आहे, असे बरेच काही तोलले जाते. ते सखोल असते, पण मंद असते. पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या मुंबईच्या आयएलअँडएफएस समूहाचे उदाहरण अजून सर्वांना आठवत असेल. 2018 च्या मध्यापर्यंत ज्या कंपनीवर ट्रिपल एचा शिक्का होता, तिचे मानांकन त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ‘डी’, म्हणजे कर्ज थकवणाऱ्याचे झाले. एवढ्या थोड्या काळात कोणत्याही कंपनीचा धंदा ट्रिपल एवरून ‘डी’पर्यंत येत नाही. शिक्का मागे राहिलेला असतो. गुणोत्तराला समिती लागत नाही, ताळेबंद आला की भागाकार करता येतो. उलट बाजूने, गुणोत्तर आंधळे असते. 27 मार्चची उचल ही हुशार खरेदी होती की नाइलाजाची उधारी, हे त्याला कळत नाही, मानांकन समितीला समजावून सांगितले तर कळते. आमच्या बाबतीत तेच झाले. समितीने सगळे ऐकून मानांकन कायम ठेवले आणि भागाकाराने दर वाढवला.

पाश्चात्य देशांतल्या मोठ्या कंपन्यांच्या कर्जकरारांत हीच रचना बऱ्याच काळापासून रुळलेली आहे. तिथे ज्यांना मानांकन आहे त्यांचा दर मानांकनावर आणि ज्यांना नाही त्यांचा दर कर्ज व व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा यांच्या गुणोत्तरावर ठरवण्याची पद्धत आहे, आणि दोन संस्थांची मानांकने वेगवेगळी असतील तर कोणते धरायचे हेही करारात लिहिलेले असते. आपल्याकडच्या फौंड्रीला दुसरे मानांकन परवडत नाही, म्हणून दुसरा साक्षीदार म्हणून गुणोत्तर येते, असे मी समजतो.

मालकांना आणखी एक शंका होती. असा दर वाढवणे हा दंड नाही का, आणि रिझर्व्ह बँकेने दंडव्याज बंद केले आहे ना? ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने दंडाची रक्कम व्याजदरात मिसळायला बँकांना मनाई केली आहे, ती स्वतंत्र आकार म्हणूनच लावता येते आणि तिच्यावर पुन्हा व्याज आकारता येत नाही. पण पायरी बदलणे हा दंड नाही, ती जोखमीची आधीच ठरलेली किंमत आहे. रेपोसारख्या बाह्य निकषाला जोडलेल्या कर्जांबाबतचा नियमही हेच सांगतो. ऑक्टोबर 2019 पासून सूक्ष्म व लघु आणि एप्रिल 2020 पासून मध्यम उद्योगांच्या तरत्या (बदलत्या) दराच्या नव्या कर्जांना ही पद्धत लागू आहे. कर्जदाराच्या पतजोखमीपोटी लावलेला अधिभार बँकेला मनाला येईल तेव्हा बदलता येत नाही, पतमूल्यांकनात ठोस बदल झाला तरच आणि करारात ठरल्याप्रमाणेच बदलता येतो. म्हणजे हा तक्ता बँकेचे हात मोकळे सोडत नाही, तो तिचेही हात बांधतो. आमच्या मालकांचे गुणोत्तर 2.95 असते तर, शाखाधिकाऱ्याला कितीही वाटले तरी, त्याला दर वाढवता आला नसता. म्हणूनच तक्ता नकोच असे म्हणण्यापेक्षा तो नीट वाचून, त्यातले आकडे सही करण्याआधी मागून घ्यावेत, असे मला मनापासून वाटते. 3.00 च्या जागी 3.25 लिहून घेणे मंजुरीच्या वेळी शक्य असते. नंतर ते फार अवघड जाते.

चौथ्या ओळीविषयी थोडे लिहितो, कारण ती सगळ्यात महाग आहे आणि तिथे माणसे निष्काळजीपणाने पोहोचतात. मानांकन संस्थेची फी भरली नाही, माहिती पाठवली नाही, दरमहा द्यायचे ‘थकबाकी नाही’ असे निवेदन पाठवले नाही, की काही काळाने नावापुढे ‘इश्युअर नॉट कोऑपरेटिंग’ असा शेरा येतो. बँक तो असहकार वाचते आणि वैध मानांकन नाही असे धरते. त्याहून वाईट म्हणजे मुदत कर्जाच्या हप्त्याचा एक दिवसाचा उशीर. मानांकनाच्या नियमांत एक दिवसाची, एक रुपयाची थकबाकीही ‘डी’ ठरते. कॅश क्रेडिटला थोडी सवलत आहे, तिथे खाते सलग 30 दिवसांहून अधिक काळ मर्यादेबाहेर राहिले तर थकबाकी मानतात. ‘डी’मधून बाहेर यायला सुरळीत परतफेडीचे 90 दिवस दाखवावे लागतात आणि गुंतवणूकयोग्य दर्जापर्यंत परतायला साधारणपणे 365 दिवस. ग्राहकाचा धनादेश सोमवारी येणार आहे म्हणून शनिवारचा हप्ता सोमवारी भरणारे कारखानदार मी पाहिले आहेत. त्या दोन दिवसांची किंमत ते पुढचे वर्षभर मोजत होते.

आम्ही डिसेंबरात बँकेत गेलो. शाखाधिकारी समंजस होत्या. त्यांनी सांगितले की गुणोत्तराची तपासणी लेखापरीक्षित ताळेबंदावर वर्षातून एकदाच होते, त्यामुळे आता दिलेले हमीपत्र मागच्या तारखेला लागू होणार नाही, 31 मार्च 2026 च्या ताळेबंदाला मात्र नक्की धरले जाईल. करारात तसेच लिहिले होते, त्यामुळे वाद घालण्यासारखे काही नव्हते. तेवढ्यात रेपो आणखी पाव टक्क्याने उतरून 5.25 झाला, आणि तो फायदा मात्र पूर्ण मिळाला.

हमीपत्राचा मसुदा तयार झाल्यावर अडचण वेगळीच निघाली. मालकांनी आणि त्यांच्या आईंनी त्यांच्या पावणेदोन कोटींसाठी लगेच तयारी दाखवली. काकांचे सव्वा कोटी आहेत आणि त्यांच्या मुलीचे लग्न पुढच्या वर्षी ठरण्यासारखे आहे. बँकेचे कर्ज फिटेपर्यंत पैसे काढणार नाही, असे त्यांनी कसे लिहून द्यावे? ताळेबंदाकडे पाहणाऱ्याला ‘क्वासी इक्विटी’ हा रकान्यातला एक बदल वाटतो, पण सही करणाऱ्याचा तो पैसा खरोखर अडकतो, आणि ही गोष्ट वयस्कर माणसाला घाईने सह्यांसाठी बसवण्यासारखी नाही. पुतण्याने दोनदा विषय काढला आणि काका दोन्ही वेळा “बघू” म्हणून गप्प बसले.

जानेवारीच्या शेवटी मी वर्षअखेरीचा अंदाज मांडला. मुदत कर्जाचे हप्ते नियमित गेल्याने ती बाकी 5 कोटी 80 लाखांपर्यंत येईल, पुरवठादारांची देणी 11 कोटींच्या आसपास ठेवता येतील, कॅश क्रेडिट 14 कोटीच धरले, घरच्यांचे 3 आणि इतर 2. एकूण 35 कोटी 80 लाख. स्वनिधी 13 कोटी 30 लाखांवर जाईल. हमीपत्राशिवायही गुणोत्तर 2.69 येते. मालक आणि आई यांच्या पावणेदोन कोटींचे हमीपत्र धरले तर देणी 34 कोटी 5 लाख, स्वनिधी 15 कोटी 5 लाख आणि गुणोत्तर 2.26. पहिल्या पायरीची 2.50 ची अट काकांच्या सहीशिवायच पूर्ण होते. पहिल्या पायरीवर ‘आणि’ आहे, त्यामुळे ट्रिपल बी प्लस मिळेपर्यंत दर 3.25 च्याच ओळीवर राहील, आणि मानांकनाचा आढावा ऑगस्टमध्ये आहे. त्यासाठी ग्राहकनिहाय विक्रीची यादी आम्ही आत्तापासून तयार करत आहोत, कारण दोनच ट्रॅक्टर कंपन्यांवरचे अवलंबन हा गेल्या अहवालातला मुख्य आक्षेप होता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः इचलकरंजीला जाऊन काकांना सांगितले की त्यांनी सही करायची गरज नाही. त्यांनी हिशेबाचा कागद मागून घेतला, चष्मा लावून 2.26 चा आकडा दोनदा पाहिला आणि पुतण्याला फोन लावून सांगितले, “मार्चमध्ये पिग आयर्न उचलायच्या आधी मला विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नकोस.”